मांडीवरचे बाळ आणि सैल पट्टा

गेल्या थंडीतली गोष्ट. आमच्या वस्तीतला एक तरुण टुरिस्ट टॅक्सी चालवतो. गाडी हप्त्यावर घेतलेली, पण स्वतःची. नाशिककडचे लग्न आटोपून घरची मंडळी त्याच्याच गाडीतून मुंबईला परत येत होती. सोबत चौदा महिन्यांची मुलगी. तिच्यासाठी तिच्या मामाने खास बाळाची सीट आणून दिली होती. तीत मुलीला बसवले. अंगात जाड स्वेटर, डोक्याला टोपरे, वरून दुपटे, आणि त्यावरून पट्टे. आजी म्हणाली, "अरे, किती आवळतोस? लेकराचा जीव गुदमरेल." म्हणून पट्टे जरा सैल सोडले.

कसारा घाट उतरून शहापूरच्या अलीकडे पुढच्या टेम्पोने एकदम ब्रेक मारला. आपल्या तरुणानेही मारला. धडक झाली नाही, गाडीला ओरखडाही आला नाही. मात्र मुलीचे दोन्ही खांदे पट्ट्यातून निसटले, ती कमरेतून पुढे वाकली आणि कपाळ पुढच्या सीटच्या पाठीवर आपटले. कपाळाला टेंगूळ आले, ओठ फाटला, दोन टाके पडले. एवढ्यावर निभावले.

रविवारी मी भेटायला गेलो, तेव्हा आजीने विचारलेला प्रश्न साधा होता: "भाऊ, पट्टा तर होता ना? मग लागलं कसं?"

या लेखात त्याच प्रश्नाचे उत्तर द्यायचे आहे. आज आपल्या घरांतूनही गाड्या आल्या आहेत. कोणी टॅक्सी चालवतो, कोणी जुनी गाडी घेतो, कोणाचा भाचा गाडी घेऊन गावाला नेतो. दीक्षाभूमीला, लग्नाला, दवाखान्यात जाताना लेकरे गाडीत असतात. गाडीचे कर्ज, विमा, डिझेल यांचा हिशेब आपण ठेवतो. बाळाच्या पट्ट्याचा हिशेब मात्र राहून जातो.

आईची मांडी का पुरत नाही?

आपल्याकडे बाळाची जागा आईच्या मांडीवर. यात माया आहे आणि तिच्याबद्दल दुमत नाही. परंतु धडक माया ओळखत नाही. ती फक्त वजन आणि वेग ओळखते.

थोडे गणित करू. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १४ मीटर पुढे जाते. समजा, ती कशावर तरी आदळली आणि सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली. त्या क्षणी १० किलोच्या बाळाला जागेवर धरून ठेवायला जो जोर लागतो, तो सुमारे १४० किलो वजन पेलण्याएवढा असतो. म्हणजे सिमेंटची जवळजवळ तीन पोती, तीही डोळ्याची पापणी लवते न लवते तोच अचानक हातात पडलेली. कोणती आई, कोणता पैलवान ती धरू शकेल? उलट आईने स्वतः पट्टा बांधलेला नसेल, तर तिचेच शरीर बाळावर आदळते आणि बाळ तिच्या व पुढच्या सीटच्या मध्ये चिरडते.

दुसऱ्या तऱ्हेने सांगायचे, तर ताशी ५० किलोमीटर वेगाने आदळणे म्हणजे सुमारे १० मीटर उंचीवरून, तीन मजली इमारतीच्या गच्चीवरून, खाली पडणे. गच्चीच्या कठड्यावर आपण लेकराला नुसते हाताने धरून बसवत नाही. मग गाडीत का बसवावे?

हा मांडीचा मोह फक्त आपलाच नाही. मुलांना गाडीत सुरक्षित बांधण्याचा अमेरिकेतला पहिला राज्य कायदा टेनेसी राज्याने १९७७ साली केला आणि १९७८ च्या जानेवारीपासून तो लागू झाला. डॉ. रॉबर्ट सँडर्स नावाचे बालरोगतज्ज्ञ आणि त्यांच्या पत्नी पॅट यांनी त्यासाठी आमदारांचे उंबरठे झिजवले होते. कायदा झाला, पण त्यात एक पळवाट घुसवली गेली: मूल मोठ्या माणसाच्या हातात असेल तर सीट नसली तरी चालेल. डॉक्टरांनी हार मानली नाही. हातात धरलेली बाळे कशी चिरडतात, हे ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. शेवटी १९८१ साली ती पळवाट काढून टाकली गेली. १९८५ पर्यंत अमेरिकेच्या सर्व राज्यांत असे कायदे झाले.

त्याचे फळ आकड्यांत दिसते. तेथील सरकारी वाहतूक सुरक्षा खात्याच्या हिशेबाप्रमाणे मोटारगाडीत योग्य सीट वापरल्याने एक वर्षाच्या आतील बाळांच्या मृत्यूचा धोका ७१ टक्क्यांनी आणि एक ते चार वर्षांच्या मुलांचा ५४ टक्क्यांनी कमी होतो. यातला "योग्य" हा शब्द मात्र महत्त्वाचा आहे. सीट असणे वेगळे आणि ती नीट बांधलेली असणे वेगळे.

सैल पट्ट्याने काय होते?

आता आजीच्या प्रश्नाकडे येऊ. गाडी थांबते, पण आतले शरीर पूर्वीच्याच वेगाने पुढे जात राहते. पट्टा अंगाला बसलेला असेल, तर गाडीबरोबरच शरीराचाही वेग उतरू लागतो. जोर खांदे, छाती आणि कमरेची हाडे यांवर वाटला जातो. पट्टा सैल असेल, तर आधी ती सगळी ढिलाई संपेपर्यंत बाळ मोकळेच पुढे जाते. तोवर गाडीचा वेग बराच उतरलेला असतो, बाळाचा मात्र तसाच असतो. मग पट्टा एकदम लागतो, तो हिसक्यासारखा. त्यात डोके अधिक पुढे जाते आणि समोरच्या वस्तूवर आपटते. ढिलाई जास्त असेल, तर खांदे निसटतात आणि संपूर्ण मूल सीटबाहेर फेकले जाऊ शकते.

जाड स्वेटर आणि दुपट्याचेही तेच. आपल्याला वाटते पट्टा घट्ट आहे. परंतु तो अंगाला नव्हे, लोकरीला घट्ट असतो. धडकेत लोकर दबते आणि तेवढी ढिलाई उघडी पडते. शहापूरजवळ नेमके हेच झाले. पट्टे मुळात सैल, त्याखाली स्वेटर, त्याखाली दुपट्याची घडी.

आधी सीट पक्की करा

त्या रविवारी आम्ही ती सीट गाडीतून काढून चाळीच्या गॅलरीत आणली आणि माहितीपत्रक घेऊन बसलो. ते पत्रक तोवर कोणी उघडलेही नव्हते. प्रत्येक सीटची रचना थोडी वेगळी असते, म्हणून पत्रक वाचणे हे पहिले काम. इंग्रजी वाचता येणारा पोरगा प्रत्येक चाळीत असतो, त्याला बसवावे. पत्रकात जे लिहिले असेल ते शेवटचे मानावे.

सीट नेहमी मागच्या बाकावर बसवावी. जिचे तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे असते ती सीट चालू एअरबॅगच्या समोर कधीही ठेवू नये. एअरबॅग फुटली की तिचा तडाखा थेट सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्याजवळ बसतो.

सीट गाडीच्या पट्ट्याने किंवा नव्या गाड्यांत असलेल्या लोखंडी कड्यांना अडकवून पक्की करतात. पट्ट्याने बांधायची असेल, तर सीटवर गुडघा टेकवून वजन द्यावे आणि मग पट्टा ओढावा. नंतर जेथून पट्टा जातो त्या जागी धरून सीट हलवून पाहावी. इकडेतिकडे एक इंचापेक्षा जास्त हलली, तर पुन्हा बांधावी. सीटच डुगडुगत असेल, तर आतला पट्टा कितीही आवळून उपयोग नाही.

तोंड कोणत्या दिशेला, हाही मोठा प्रश्न आहे. तान्ह्या बाळाचे डोके अंगाच्या मानाने जड आणि मान कोवळी. तोंड मागे असेल, तर समोरून धडक बसली की डोके, मान आणि पाठ तिघांनाही सीटच्या पाठीचा आधार मिळतो. स्वीडनमध्ये १९६० च्या दशकात बर्टिल आल्डमन या डॉक्टरने अशा उलट्या सीटचा नमुना केला. त्याला ही कल्पना सुचली ती अंतराळवीर यानात पाठीवर रेलून बसतात ते पाहून. युरोपच्या नव्या नियमात निदान १५ महिन्यांपर्यंत बाळाचे तोंड मागेच ठेवावे लागते. अमेरिकेचे बालरोगतज्ज्ञ सांगतात, सीटच्या वजन-उंचीच्या मर्यादेत बसते तोवर मागेच ठेवा. म्हणजे आपल्या चौदा महिन्यांच्या मुलीचे तोंडही मागेच हवे होते. "पाय दुमडतात" म्हणून लोक लवकर फिरवतात. दुमडलेल्या पायांनी बाळाचे काही बिघडत नाही, मुले मांडी घालून तासन् तास बसतातच.

पट्टा बसवण्याची रीत

आता मुख्य काम. क्रमाने करावे.

पहिले, पट्ट्याची उंची. सीटच्या पाठीत वरखाली खाचा असतात, किंवा डोक्याच्या टेकूबरोबर पट्टे वर सरकतात. तोंड मागे असेल तर खांद्याचे पट्टे बाळाच्या खांद्यांच्या रेषेत किंवा किंचित खालून आले पाहिजेत. तोंड पुढे असेल तर खांद्यांच्या रेषेत किंवा किंचित वरून. कारण धडकेत उलट्या सीटमधले बाळ वर सरकू पाहते, त्याला खालून आलेला पट्टा दाबून धरतो. पुढे तोंड असलेले मूल पुढे झेपावते, त्याला वरून आलेला पट्टा मागे रोखतो.

दुसरे, बाळाला बसवताना त्याचा पार्श्वभाग सीटच्या अगदी मागे टेकवावा. मध्ये पोकळी राहिली, तर तीच पुढे ढिलाई होते.

तिसरे, स्वेटर, कुंची, दुपटे काढावे. अंगात नेहमीचे झबले किंवा सदरा पुरे. पट्टे बांधून झाल्यावर वरून दुपटे पांघरावे. ऊबही मिळते आणि पट्टाही अंगाला राहतो.

चौथे, पट्टे बोटांनी चाचपून पाहावेत. पीळ पडलेला पट्टा जोर वाटून घेत नाही, दोरीसारखा एकाच जागी रुततो. पट्टा इस्त्री केल्यासारखा सपाट हवा.

पाचवे, बकल लावावे. दोन्ही जिभा आत गेल्या आणि "टक्" असा आवाज आला पाहिजे. मग वर ओढून खात्री करावी. बकलात बिस्किटाचा चुरा, चिक्कीचा तुकडा अडकला की ते लागल्यासारखे वाटते, पण पक्के लागत नाही.

सहावे, आवळणे. इथे बहुतेक जण चुकतात. सरळ पुढचा पट्टा ओढला, तर मांडीजवळची ढिलाई तशीच राहते. आधी मांडीवरचा पट्टा बोटाने वर खेचून ढिलाई खांद्याकडे आणावी. कमरेचा पट्टा पोटावर नव्हे, खाली मांड्यांच्या मुळाशी बसला पाहिजे, कारण पोट मऊ असते आणि हाड जोर सोसते. मग दोन पायांच्या मध्ये लोंबणारा पट्टा हळूहळू ओढावा.

सातवे, चिमटीची परीक्षा. बाळाच्या गळ्याच्या हाडाजवळ, खांद्यावर, पट्ट्याला आपल्या अंगठ्याने आणि तर्जनीने उभ्या दिशेने चिमटा काढून पाहावा. चिमटीत पट्ट्याची घडी आली, तर पट्टा सैल आहे. आणखी ओढावा. बोटे पट्ट्यावरून घसरली, घडी धरता आली नाही, तर पट्टा बरोबर आहे.

काही परदेशी सीटना छातीवर एक क्लिप असते. ती बगलेच्या रेषेत हवी. पोटावर घसरलेली क्लिप खांद्यांचे पट्टे बाजूला सरकू देते. आपल्याकडे मिळणाऱ्या पुष्कळ सीटना ही क्लिप नसतेच, तेव्हा नसेल तर घाबरू नये. बाहेरून आणून लावूही नये.

आजींची शंका रास्त होती: गुदमरणार नाही का? नाही. बरोबर बसलेला पट्टा अंगाला सपाट टेकतो, मांसात रुतत नाही, शरीर वाकडे करत नाही. नऊवारी नेसताना कासोटा घट्ट खोचतो, पण श्वास कोंडत नाही, तसेच हे. तान्ह्या बाळाचा श्वास कोंडतो तो मान पुढे पडून हनुवटी छातीला टेकली तर. त्यासाठी सीटची रेलणी पत्रकात सांगितल्याइतकी ठेवावी, आणि गाडी पोचली की झोपलेल्या बाळाला सीटमधून काढून सपाट जागी निजवावे.

रोजच्या चुका

पट्ट्याची उंची एकदा लावली की काम संपले असे नाही. मूल वाढते. दर महिन्याला, निदान लसीच्या तारखांना, खांदा कोणत्या खाचेपर्यंत आला ते पाहावे. आवळणे मात्र दर प्रवासाला नव्याने करावे, कारण आज सदरा तर उद्या जाकीट.

पाठीमागे उशी, गोधडी, विकतचे मऊ गादले घालू नये. सीटबरोबर जे आले तेवढेच वापरावे. पट्टे मशीनमध्ये धुऊ नयेत, ओल्या कपड्याने आणि सौम्य साबणाने पुसावेत. बकलात तेल घालू नये. उन्हात उभ्या गाडीत बकल तापते आणि कोवळ्या कातडीला चटका बसतो. म्हणून सीटवर पांढरे फडके टाकून ठेवावे आणि बसवण्यापूर्वी हात लावून पाहावा. आणि बंद गाडीत लेकराला एकटे, पाच मिनिटेही, ठेवू नये.

पैशाचा प्रश्न खरा आहे. नवी सीट महाग वाटते, म्हणून जुनी घ्यावीशी वाटते. ओळखीच्या घरातली, जिचा इतिहास ठाऊक आहे अशी जुनी सीट घ्यायला हरकत नाही. परंतु अपघातात सापडलेली, तडा गेलेली, पट्टा उसवलेला, लेबल निघालेले, किंवा वापराची मुदत संपलेली सीट फुकट मिळाली तरी घेऊ नये. बहीण-भावंडांनी मिळून एक चांगली सीट घेतली आणि मुदतीच्या आत एकापाठोपाठ एक मुलाला वापरली, तर ती कोणालाच जड जात नाही. मुलाचे खांदे सर्वांत वरच्या खाचेच्याही वर गेले, की ती सीट त्याला लहान झाली. पुढे उंच बैठक घ्यावी. अमेरिकेतले जाणकार ४ फूट ९ इंच उंचीपर्यंत ती वापरायला सांगतात.

कायदा आणि दुचाकी

आपल्याकडेही कायदा आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने कलम १९४ ब आले. चौदा वर्षांखालचे मूल पट्ट्याने किंवा बाळाच्या सीटमध्ये बांधलेले नसेल, तर गाडी चालवणाऱ्याला १,००० रुपये दंड आहे. मोठ्यांनीही हे आपल्याला नाही असे समजू नये. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. महागडी गाडी होती, पण मागे बसलेल्या दोघांनी पट्टा बांधलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. मागची सीट म्हणजे सुरक्षित, हा समज त्या दिवशी मोडला.

आपल्यातील बहुसंख्य घरांत मात्र चारचाकी नाही, दुचाकी आहे. पुढे टाकीवर एक, मध्ये एक, मागे आईच्या कडेवर एक. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये नियम काढला आणि तो एका वर्षाने लागू झाला. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर नेताना त्याला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा हवा, डोक्याला मापाचे हेल्मेट हवे आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा. हा पट्टा बंडीसारखा असतो, तिच्या पट्ट्यांचे फास चालवणाऱ्याच्या खांद्यात अडकवतात. तो ३० किलोपर्यंत भार पेलणारा असावा. चार वर्षांवरील मुलाला हेल्मेट कायद्याने सक्तीचेच आहे. साडीचा पदर किंवा ओढणी बांधणे म्हणजे पट्टा नव्हे.

इथेही रीत तीच. बंडी मुलाच्या अंगाच्या मापाला ओढून घ्यावी, पट्टा सपाट ठेवावा, जाड स्वेटरवरून बांधू नये, आणि निघण्यापूर्वी एकदा ओढून पाहावे. पट्टा बांधला म्हणून दुचाकी चारचाकीइतकी सुरक्षित होत नाही, हेही ध्यानात ठेवावे. लांबच्या प्रवासाला एस.टी. किंवा रेल्वे केव्हाही बरी.

मुलांच्या शाळेसाठी, शिक्षणासाठी आपण पोटाला चिमटा काढतो. प्रवासाला निघताना एक चिमटा पट्ट्यालाही काढावा. त्याला पैसा लागत नाही, दोन मिनिटे लागतात.

त्या मुलीचा ओठ आता बरा झाला आहे. सीट फिरवली आहे आणि पट्टेही तिच्या खांद्यांच्या रेषेत आणले आहेत. गाडी सुटण्यापूर्वी आजी स्वतः वाकते, नातीच्या खांद्यावर चिमटी लावते आणि बोटे घसरली की मुलाला म्हणते, "हं, आता काढ गाडी."